ई-मेल चर्चागट आणि त्याचे दप्तर: स्वतःच्या सर्व्हरवर उभारणी

मोडी कागदावर ‘सु॥ इहिदे सबैन मया व अलफ’ अशी ओळ आली, की नवा वाचक हमखास अडखळतो. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. म्हणून हा शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी अंकशब्दांत लिहिलेली कालगणना) ११७१, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७७०-७१ येतो, हा खुलासा जाणकार दोन मिनिटांत करतो. अडचण एवढीच, की तोच खुलासा त्याला दर तीन महिन्यांनी नव्याने करावा लागतो, कारण मागच्या वेळी तो व्हॉट्सॲपवर केलेला असतो आणि तेथे सहा महिन्यांपूर्वीचे काही शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय.

ई-मेल चर्चागटात सभासद एका पत्त्यावर पत्र पाठवतो, सर्व्हर ते पत्र सर्व सभासदांना पोहोचवतो आणि त्याची एक प्रत वेबवरच्या संग्रहात कायमची ठेवतो. या संग्रहाला मी या लेखात दप्तर म्हणणार आहे, कारण त्याचे काम दप्तराचेच आहे. पुणे, कोल्हापूर, तंजावर आणि परदेश येथे विखुरलेल्या दोनशे मोडी वाचकांचा एक गट उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवून, तो स्वतःच्या सर्व्हरवर कसा उभारावा आणि चालवावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. फाइली, पॅकेजे आणि सेटिंग यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतच टंकावी लागतील. वाचकाला लिनक्सच्या आज्ञा देता येतात आणि डीएनएस म्हणजे काय हे ठाऊक आहे, असे मी गृहीत धरले आहे.

स्वतःच का उभारावे, आणि कोणी उभारू नये

गूगल ग्रुप्स किंवा ग्रुप्स डॉट आयओ यांवर असा गट दहा मिनिटांत सुरू होतो, आणि ज्याला महिन्यातून दोन-तीन तास सर्व्हरकडे पाहायला सवड नाही त्याने तोच मार्ग घ्यावा, हे मी आधीच सांगून टाकतो. स्वतःचा सर्व्हर ही देवपूजेसारखी नित्याची बाब आहे. उत्साहाच्या भरात सुरू करून दोन महिन्यांनी सोडून देता येत नाही. मात्र दुसऱ्याच्या घरी ठेवलेले दप्तर त्या घरमालकाच्या मर्जीवर राहते. याहू ग्रुप्सने ऑक्टोबर २०१९मध्ये जुना मजकूर हटवण्याची घोषणा केली आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवा पूर्णपणे बंद झाली. ज्या गटांनी मुदतीत आपली पत्रे उतरवून घेतली नाहीत त्यांची वर्षानुवर्षांची चर्चा गेली. मधला मार्गही आहे: बाहेरची सेवा वापरावी, पण डोमेन स्वतःचे ठेवावे आणि दर महिन्याला पत्रांची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी.

सॉफ्टवेअरच्या निवडीत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. या कामासाठी दीर्घकाळ वापरात असलेले मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ग्नू प्रकल्पातले मेलमन. त्याची २.१ ही जुनी मालिका पायथॉन २वर चालते आणि पायथॉन २चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणून आज नव्याने बसवायचे तर मेलमन ३ हेच बसवावे. त्याचे तीन भाग वेगळे ओळखून ठेवले, की पुढचे सारे सोपे जाते. पत्रांची ने-आण करतो तो गाभा, सभासद आणि सेटिंग सांभाळतो तो पोस्टोरियस, आणि वेबवरचे दप्तर दाखवतो तो हायपरकिटी.

डोमेन आणि सर्व्हर

पहिला निर्णय डोमेनचा असतो, कारण दप्तरातल्या प्रत्येक पत्राचा दुवा त्या नावाने सुरू होतो आणि नाव बदलले की लोकांच्या लेखांत, टिपांत, प्रबंधांत गेलेले सगळे दुवे एका रात्रीत मोडतात. संस्थेचे मुख्य डोमेन असेल तर त्याखाली गटासाठी वेगळे उपडोमेन घ्यावे, म्हणजे गटाच्या पत्रांची पत संस्थेच्या रोजच्या पत्रव्यवहारात मिसळत नाही. डोमेनची नोंदणी एकाच व्यक्तीच्या खासगी खात्यात अडकू देऊ नये आणि शक्य तितक्या वर्षांचे पैसे एकदम भरावेत. नोंदणीच्या खात्यात जो संपर्काचा ई-मेल द्यायचा तो त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपून ते बंद पडले, तर मुदत संपल्याची सूचनाही त्याच बंद पत्त्यावर जाऊन पडेल.

सर्व्हर म्हणून डेबियन बसवलेला एक लहान आभासी सर्व्हर पुरतो. मेलमनच्या गाभ्याच्या डझनभर प्रक्रिया सतत चालू असतात आणि त्यांच्या जोडीला जँगो (वेबचा भाग ज्यावर चालतो तो पायथॉनचा सांगाडा) व डेटाबेस असतात, त्यामुळे १ जीबी मेमरीत ओढाताण होते. २ जीबी घ्यावी. घरच्या ब्रॉडबँडवर हा उद्योग करू नये, कारण घरगुती जोडण्यांचे आयपी पत्ते स्पॅमहाउसच्या (स्पॅमचा माग ठेवून काळ्या याद्या करणाऱ्या संस्थेच्या) एका यादीत मुळातच थेट पत्रे पाठवण्यास अयोग्य म्हणून नोंदलेले असतात.

पैसे भरण्यापूर्वी सेवादात्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत. पोर्ट २५वरून बाहेर पत्रे पाठवता येतात का? दिलेल्या आयपी पत्त्याची उलट नोंद, म्हणजे पीटीआर, आपल्याला बदलता येते का? आणि तो आयपी पत्ता स्थिर राहील का? अनेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. काही विनंतीवरून उघडतात, काही मुळीच उघडत नाहीत. पोर्ट बंद असेल तर पोर्ट ५८७वरून एखाद्या पत्रप्रेषण सेवेमार्फत पत्रे पाठवता येतात. परंतु अशा बहुतेक सेवा फक्त आपण पडताळून दिलेल्या डोमेनच्या नावानेच पत्र स्वीकारतात, आणि चर्चागटात तर प्रत्येक पत्राचा लेखक वेगळ्या डोमेनवरचा असतो. म्हणून तो मार्ग घेतल्यास प्रेषकाच्या जागी गटाचा पत्ता घालणे प्रत्येक पत्रासाठी अनिवार्य होते. आयपी पत्ता हाती आला, की काहीही बसवण्याआधी तो स्पॅमहाउसच्या तपासणी पानावर पाहून घ्यावा. आधीच्या भाडेकरूची करणी आपल्या वाट्याला आली असेल तर त्याच दिवशी पत्ता बदलून मागणे सर्वांत स्वस्त पडते.

डीएनएसच्या नोंदी

ए नोंद सर्व्हरच्या नावाला आयपी पत्ता देते आणि एमएक्स नोंद गटाच्या उपडोमेनची पत्रे त्या सर्व्हरकडे वळवते. पीटीआर नोंद नेमके तेच नाव परत सांगणारी असावी. नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव असे दोन्ही बाजूंनी जुळले नाही, तर जीमेलसारखी मोठी पत्रघरे सुरुवातीलाच संशय घेतात. आयपीव्ही६ चालू ठेवायचे असेल तर त्याचीही पीटीआर नोंद हवी, आणि ती जमत नसेल तर पोस्टफिक्सला, म्हणजे सर्व्हरवर पत्रे घेणाऱ्या आणि पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला, फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगावे. ही चूक फार जणांची होते आणि लवकर लक्षात येत नाही, कारण काही पत्रे व्यवस्थित जातात आणि फक्त काही परत येतात.

एसपीएफ नोंदीत या डोमेनच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार फक्त एमएक्स सर्व्हरला आहे, एवढे सांगितले की झाले. डीकेआयएम म्हणजे पत्र खरोखर त्या डोमेनवरून निघाले हे सिद्ध करणारा अंकीय शिक्का; त्यासाठी ओपनडीकेआयएम बसवून २,०४८ बिटांची किल्ली तयार करावी. तिचा सार्वजनिक भाग २५५ अक्षरांच्या मर्यादेत मावत नसल्याने तो अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत विभागून टीएक्सटी नोंदीत द्यावा लागतो. डीमार्कचे धोरण, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचे घेणाऱ्याने काय करावे हे सांगणारी नोंद, सुरुवातीला ‘काहीही करू नये’ असेच ठेवावे, अहवालासाठी एक पत्ता द्यावा आणि महिनाभर अहवाल पाहून मगच ते कडक करावे.

फेब्रुवारी २०२४पासून गूगलने सर्व पत्रप्रेषकांना एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि जुळणारी पीटीआर नोंद सक्तीची केली आहे. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तिन्ही लागतात. ५,००० हा आकडा मोठा वाटतो खरा, पण सगळे जीमेलचे असलेले दोनशे सभासद आणि दिवसाला पंचवीस पत्रे एवढ्यातच तो गाठला जातो. शुहूर सनावर वाद पेटला, की पंचवीस पत्रे व्हायला दुपारही पुरते.

बसवण्याचा क्रम

सर्व्हरचे पूर्ण नाव आधी निश्चित करावे, मग पोस्टफिक्स ‘इंटरनेट साइट’ या पर्यायाने बसवावे, नंतर पोस्टग्रेस आणि शेवटी मेलमन३-फुल हे पॅकेज. हा क्रम पाळावा, कारण पॅकेज बसताना डेटाबेसविषयी प्रश्न विचारते आणि पोस्टग्रेस तयार नसेल तर लोक घाईने एसक्यूलाइट निवडून मोकळे होतात. दप्तर वाढल्यावर त्यातून बाहेर पडणे कटकटीचे आहे. मायएसक्यूएल वापरायचेच असेल तर अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ असाच निवडावा. त्याचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाइट देतो. देवनागरी तेवढ्यात बसते, पण २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आलेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात, आणि आपला गट तर मोडीचाच आहे.

आता तीन फाइली हाताळायच्या असतात. मेलमन डॉट सीएफजी या फाइलीत साइटच्या मालकाचा पत्ता मूळ नमुन्यात ‘मला बदला’ अशा अर्थाचा असतो. तो प्रथम बदलावा. याच फाइलीत पत्रे आत घेण्याचा मार्ग पोस्टफिक्सचा एलएमटीपी (पोस्टफिक्सने मेलमनच्या हाती पत्र देण्याची पद्धत) आणि पोर्ट ८०२४ असा असल्याची, तसेच हायपरकिटीचा संग्राहक (पत्रे दप्तरात पोहोचवणारा भाग) चालू असल्याची खात्री करावी. दुसरी फाइल वेबच्या भागाची, मेलमन-वेब डॉट पीवाय. तिच्यात परवानगी असलेल्या यजमान-नावांत आपले उपडोमेन घालावे, कालविभाग आशिया/कोलकाता करावा आणि पत्रांसाठीचे डोमेन भरावे. तिसरी हायपरकिटीची, जिच्यात संग्राहकाची गुप्त किल्ली असते. ही किल्ली दुसऱ्या व तिसऱ्या फाइलीत, आणि गाभ्याच्या सेवेचा पासवर्ड पहिल्या व दुसऱ्या फाइलीत अक्षरशः एकच असला पाहिजे. पत्रे सर्वांना पोहोचतात पण दप्तरात दिसत नाहीत, ही तक्रार आली की पहिला संशय किल्लीवर घ्यावा. अशा वेळी पत्रे हरवत नाहीत. दप्तरात न गेलेली पत्रे एका रांगेत साठतात आणि किल्ली जुळल्यावर पुढचे पत्र आले, की मागची पत्रेही आपोआप दाखल होतात.

पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलीत ट्रान्सपोर्ट मॅप्स आणि लोकल रेसिपियंट मॅप्स यांना मेलमन स्वतः तयार करत असलेली पोस्टफिक्स_एलएमटीपी ही फाइल आणि रिले डोमेन्सला पोस्टफिक्स_डोमेन्स ही फाइल जोडावी. जोडचिन्हानंतर ‘ओनर’ किंवा ‘रिक्वेस्ट’ येणाऱ्या पत्त्यांना पोस्टफिक्स जी खास वागणूक देते, ती बंद करावी. सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर बाहेरच्या एखाद्या खात्यावरून मुद्दाम चुकीच्या, अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर पत्र टाकावे. ते दारातच नाकारले जायला हवे. आत घेऊन मागाहून परत पाठवले जात असेल, तर रिले रेसिपियंट मॅप्सलाही तीच एलएमटीपीची फाइल जोडावी. नाही तर खोट्या पत्त्यांवरून येणाऱ्या स्पॅमला आपला सर्व्हर भलत्याच माणसांकडे उत्तरे पाठवत बसतो आणि काळ्या यादीत जातो.

वेबसाठी एनजिनएक्स आणि लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र यांत नवे काही नाही. जँगोच्या प्रशासन पानावर मात्र ‘साइट्स’ या शीर्षकाखाली पडून राहिलेले ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव आठवणीने बदलावे, अन्यथा नव्या सभासदाला खात्याच्या पुष्टीचे पत्र त्या परक्या नावाने जाईल आणि तो ते फसवणूक समजून पुसून टाकेल, जे योग्यच होय.

गट तयार करणे

पोस्टोरियसमध्ये आधी डोमेन आणि मग गट नोंदवावा. गटाचे नाव रोमन लिपीतले, लहान आणि फोनवर सांगता येण्यासारखे असावे. गट तयार होताच मुख्य पत्त्याबरोबर सामील होण्यासाठी, बाहेर पडण्यासाठी, मालकांशी संपर्क साधण्यासाठी आणि परत आलेली पत्रे घेण्यासाठी असे स्वतंत्र पत्ते आपोआप तयार होतात.

प्रवेशाचे धोरण ‘पुष्टी, मग संयोजकाची मान्यता’ असे ठेवावे. पुष्टी नसेल तर कोणीही कोणाचाही पत्ता भरू शकतो, आणि असे अर्ज शेकड्याने भरणारे यांत्रिक उपद्रवी भरपूर आहेत. सभासद नसलेल्यांची पत्रे नाकारण्याऐवजी रोखून धरावीत, कारण त्यांत बऱ्याचदा आपलाच सभासद दुसऱ्या पत्त्यावरून लिहीत असतो. नव्या सभासदाचे पहिले पत्रही रोखावे आणि ते पाहून त्याला मोकळे करावे.

पत्राच्या आकाराची मर्यादा मुळात अवघी ४० केबी असते. मोडी कागदाचे छायाचित्र तीत मावणार नाही, आणि ‘माझे पत्र अडकले’ ही पहिली तक्रार यातूनच येते. मर्यादा वाढवण्यापूर्वी हिशोब करावा: २ एमबीचे चित्र ई-मेलमध्ये सांकेतिक रूपात जाताना एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे दोनशे सभासदांसाठी एकाच पत्राचे ५०० एमबीहून अधिक दळणवळण होते. मी मर्यादा १ एमबीच्या आसपास ठेवतो आणि कागदाचा हवा तो भाग कातरून पाठवावा, असे सांगतो. चित्रे बाहेर ठेवून नुसता दुवा देण्याचा सल्ला सहज दिला जातो, परंतु बाहेरचा दुवा मेला की ‘या चौथ्या ओळीत काय आहे?’ हा प्रश्न दप्तरात उरतो आणि चौथी ओळच नाहीशी होते.

उत्तर गटाला जावे की लेखकाला, यावर या क्षेत्रात अनेक वर्षे भांडणे चालू आहेत. लहान, परस्परांना ओळखणाऱ्या गटात उत्तर गटाला जाणे सोयीचे असते, पण खासगी उणीदुणी चुकून दोनशे जणांसमोर जाण्याचा धोकाही त्यातच असतो. एकदा ठरवावे आणि पुन्हा बदलू नये.

दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवण्याचा पेच

चर्चागट चालवणाऱ्याची सर्वांत जास्त झोप डीमार्कने उडवली आहे, म्हणून येथे थोडे थांबू. सभासदाचे पत्र आपल्या सर्व्हरवरून पुन्हा निघते तेव्हा लिफाफ्यावर गटाचा पत्ता असतो. त्यामुळे एसपीएफची तपासणी गटाच्या डोमेनवर होते आणि पत्र तीत उत्तीर्णही होते, पण ते डोमेन ‘प्रेषक’ या ओळीतल्या सभासदाच्या डोमेनशी जुळत नाही. उरतो डीकेआयएमचा शिक्का; पण गटाने विषयापुढे कंसातले नाव किंवा पत्राखाली तळटीप जोडली, की शिक्का मारलेला मजकूर बदलतो आणि शिक्का फुटतो. सभासदाच्या डोमेनचे धोरण ‘नाकारा’ असेल, तर घेणारी पत्रघरे ते पत्र परत पाठवतात. एप्रिल २०१४मध्ये याहूने हे धोरण लागू केले आणि जगभरचे चर्चागट एका रात्रीत अडचणीत आले. त्यातली विचित्र गोष्ट अशी, की लिहिणारा सभासद याहूचा असतो, पत्र परत येते ते जीमेलच्या सभासदांचे, आणि परत आलेल्या पत्रांची गुणसंख्या पाचापर्यंत गेली की मेलमन शिक्षा करतो ती त्या निरपराध जीमेलवाल्यांना, त्यांचे वितरण थांबवून.

यावर दोन उपाय आहेत. विषय आणि मजकूर यांना अजिबात हात न लावता पत्र जसेच्या तसे पुढे पाठवले, तर मूळ शिक्का टिकतो. किंवा पोस्टोरियसच्या डीमार्क विभागात प्रेषकाच्या जागी गटाचा पत्ता घालण्याचा पर्याय निवडावा; मग पत्र ‘अमुक, गटामार्फत’ अशा नावाने जाते आणि त्यावर गटाचा स्वतःचा शिक्का लागतो. हा बदल सरसकट न करता ज्यांच्या डोमेनचे धोरण कडक आहे त्यांच्याच पत्रांना लागू करण्याची सोय आहे, आणि तीच निवडावी. सर्वांची नावे ‘गटामार्फत’ झाली, की कोण बोलत आहे हे ओळखायला त्रास होतो आणि खासगी उत्तर द्यायचे तर खरा पत्ता शोधावा लागतो.

‘मी पाठवलेले पत्र मलाच आले नाही’ ही तक्रार जीमेलचे सभासद पहिल्याच आठवड्यात करतील. त्यात बिघाड काही नसतो. आपण पाठवलेल्या पत्राचीच प्रत परत आली, की जीमेल ती ओळखून इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही. स्वागतपत्रात ही ओळ आधीच घालून ठेवावी. पत्र पोहोचले की नाही, हे दप्तरात पाहावे.

देवनागरीची खबरदारी

मेलमन डॉट सीएफजीमध्ये इंग्रजी भाषेच्या विभागात अक्षरसंच यूटीएफ-८ असा स्पष्ट लिहावा, म्हणजे मराठी तळटीप आणि स्वागतपत्र प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलत नाही. विषयापुढचे नाव देवनागरीत ठेवता येते, पण आखूड ठेवावे: देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट आणि सांकेतिक रूपात चार अक्षरे लागतात, त्यामुळे ‘मोडी’ या एवढ्याशा शब्दाची सोळा अक्षरे होतात.

शोधाची बाब अधिक गंभीर आहे. हायपरकिटी मुळात ‘हूश’ नावाचे शोधयंत्र वापरते आणि ते पायथॉनच्या नियमाने शब्द तोडते. त्या नियमात काना, मात्रा, वेलांट्या ही अक्षरे धरली जात नाहीत. परिणामी ‘मोडी’चे ‘म’ आणि ‘ड’ असे दोन तुकडे होतात आणि एकाक्षरी तुकडे अनुक्रमणिकेतून गाळले जातात. इंग्रजी शब्द शोधून पाहणाऱ्याला सारे ठीक दिसते, मराठी शोध मात्र रिकामा येतो. म्हणून झापियन बसवून जँगोच्या हेस्टॅक या सेटिंगमध्ये तेच शोधयंत्र जोडावे, अनुक्रमणिका नव्याने तयार करावी आणि मात्रा असलेला एखादा शब्द शोधून खात्री करावी. अनुक्रमणिका दर तासाला क्रॉनच्या कामातून अद्ययावत होते, त्यामुळे आताच आलेले पत्र लगेच सापडले नाही म्हणून घाबरू नये.

तरीही दोन अडचणी उरतात. ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा र, हलन्त आणि अदृश्य जोडखुणेने. ‘ॲ’ हे अक्षरही जुन्या कळफलकांवर अ आणि चंद्र असे दोन चिन्हांचे उमटते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला भिन्न. आणि यंत्राला मराठी विभक्ती कळत नसल्याने ‘दप्तरात’ लिहिलेले पत्र ‘दप्तर’ शोधून सापडत नाही. यावर तांत्रिक उपाय शोधत बसण्यापेक्षा विषयाच्या ओळीत महत्त्वाचा शब्द मूळ रूपात लिहिण्याची सवय सभासदांना लावावी.

दप्तराची मांडणी

दप्तर सार्वजनिक असावे की फक्त सभासदांसाठी, हे पहिल्या पत्राआधी ठरवावे. बंद दप्तर मागाहून उघडायचे तर आधी लिहिलेल्या प्रत्येकाची संमती मागणे हाच सरळ मार्ग आहे, आणि दोनशे जणांची संमती मिळवणे कोणालाच जमत नाही. सार्वजनिक असेल तर स्वागतपत्रात ते ठळकपणे सांगावे आणि पत्राखालच्या सहीतून मोबाइल क्रमांक व घरचा पत्ता काढायला लावावा. संयोजकाला दप्तरातून पत्र काढता येते, पण सभासदांच्या पेटीत गेलेल्या दोनशे प्रती काढता येत नाहीत.

दुव्यांच्या बाबतीत मेलमन ३ची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक पत्राला लेखकाकडचा ई-मेल प्रोग्रॅम किंवा सर्व्हर एक अद्वितीय ओळखक्रमांक देतो. त्यावरून गणिती पद्धतीने ३२ अक्षरांची एक खूण काढली जाते, आणि हायपरकिटीतला त्या पत्राचा दुवा त्याच खुणेने बनतो. याचा अर्थ असा, की सर्व्हर जळाला, डेटाबेस गेला, तरी मूळ पत्रे आणि डोमेन हाती असले म्हणजे नव्या जागी दप्तर उभारल्यावर प्रत्येक पत्र जुन्याच दुव्यावर उघडते.

जुन्या गटाची पत्रे एमबॉक्स फाइलीत (अनेक पत्रे एकामागोमाग साठवणाऱ्या साध्या फाइलीत) असतील, तर ती गट सुरू करण्याआधीच आत घ्यावीत. हायपरकिटीची आयात करणारी आज्ञा दप्तरातल्या सर्वांत नव्या पत्रानंतरचीच पत्रे घेते, त्यामुळे चार दिवस चर्चा झाल्यावर २००५ सालची फाइल दिली की काहीच आत येत नाही आणि चूकही दिसत नाही. अशा वेळी ‘सिन्स’ या पर्यायाने जुनी तारीख द्यावी लागते. त्या काळची काही पत्रे युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेली असतील आणि रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखी दिसतील. मूळ फाइलीत फेरफार करू नये. वाचनीय रूपांतर करून ते त्या धाग्याखाली नवे उत्तर म्हणून घालावे.

सार्वजनिक दप्तरावर शोधयंत्रांचे आणि अलीकडे भाषिक प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणाऱ्यांचे यांत्रिक फेरे एवढे वाढले आहेत, की लहान सर्व्हर त्यातच दमतो. एनजिनएक्समध्ये एका पत्त्यावरून सेकंदाला किती पाने मागता येतील, याची मर्यादा पहिल्या दिवसापासून घालावी.

राखण

संयोजक किमान दोन असावेत आणि दोघांकडेही सर्व्हरच्या किल्ल्या असाव्यात. रोखलेली पत्रे रोज पाहावीत; तीन दिवस अडकलेल्या पत्राचा लेखक दुसरे पत्र लिहीत नाही.

बॅकअपमध्ये गाभ्याचा आणि वेबचा असे दोन्ही डेटाबेस, मेलमनच्या सेटिंगची निर्देशिका, त्याच्या विदेची (डेटाची) निर्देशिका आणि डीकेआयएमच्या किल्ल्या रोज रात्री दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाव्यात. याशिवाय गाभ्यातच असलेला ‘प्रोटोटाइप’ नावाचा दुसरा संग्राहक चालू करावा. तो प्रत्येक मूळ पत्र साध्या फाइलीत ठेवतो, आणि ती फाइल वाचायला हायपरकिटी तर नाहीच, मेलमनही लागत नाही. महिन्याची एमबॉक्स फाइल हायपरकिटीतून उतरवून दोन वेगळ्या सभासदांच्या घरच्या डिस्कवर ठेवावी.

वर्षातून एकदा एक रिकामा सर्व्हर दोन दिवसांसाठी भाड्याने घ्यावा आणि केवळ या प्रतींवरून सारे पुन्हा उभे करावे. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत गटाच्या नावापुढे या तात्पुरत्या सर्व्हरचा आयपी पत्ता लिहावा, आणि त्यानंतर एखाद्या लेखात किंवा टिपेत दिलेला पाच वर्षांपूर्वीचा दुवा जसाच्या तसा ब्राउझरमध्ये घालावा. शुहूर सनाचा तो खुलासा, त्याखालची उत्तरे आणि जोडलेले चित्र उघडले, की तात्पुरता सर्व्हर परत करावा आणि होस्ट्स फाइलीतली ओळ पुसून टाकावी.